मागे वळून दिलेले उत्तर

माझा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. तो कसा गेला याच्या चार हकिकती आमच्या पंचक्रोशीत सांगितल्या जातात आणि चारही खोट्या आहेत. त्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी मोटारीत नव्हता. मोटारीत आम्ही दोघेच होतो. मागे मी, आणि पुढे चाकावर माझे जावई बापूराव. बापूराव या विषयावर बोलत नाहीत. म्हणून लिहिणे मला भाग आहे.

लिहिण्याला आणखी एक कारण आहे. पाय जाणार असे कळले तेव्हा, ज्याचा पाय खरोखर गेला आहे असा एखादा माणूस मला भेटायला हवा होता. भेटायला येणारे सगळे आपापल्या दोन पायांवर येत, धीर देत आणि त्याच दोन पायांवर परत जात. तशाच एखाद्या खाटेवर आज जो पडलेला असेल, त्याच्यासाठी हे आहे. मोटार चालवणाऱ्यांनीही वाचावे. आणि मोटारीत मागे बसणाऱ्यांनी त्याहून लक्ष देऊन वाचावे.

रस्त्यावर

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षे झाली होती आणि उसाची तोड ऐन भरात होती. माझे गाव कोरेगाव तालुक्यात. थोरली मुलगी सुमन सांगलीजवळ दिलेली. धाकट्या मुलासाठी सांगलीकडचे एक स्थळ सांगून आले होते. ते बघायला मला न्यावे म्हणून बापूराव स्वतःची अँबॅसिडर घेऊन आले. मोटार भाड्याने चालवणे हाच त्यांचा धंदा. मी फौजेत सुभेदार होतो. बर्फातले रस्ते आणि खोल दऱ्यांच्या कडेने ट्रक नेणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यांच्या तुलनेत सांगतो, बापूरावांचा हात उत्तम होता. या वाक्यावर ज्याला वाद घालायचा असेल त्याने आधी त्यांच्या मोटारीतून खंबाटकीचा घाट उतरून दाखवावा.

आमच्याकडे वडीलधाऱ्याला मोटारीत मागे बसवतात. पुढची जागा पोरांची किंवा पिशव्यांची. आणि वडीलधाऱ्याने काही विचारले तर त्याच्याकडे पाठ ठेवून उत्तर देत नाहीत. तोंडाकडे बघून देतात. जावयाने तर या बाबतीत अधिकच जपायचे असते. या दोन्ही रीती चांगल्या आहेत आणि माझ्या घरात त्या अजून पाळल्या जातात. पण मोटार तयार करणाऱ्याला त्या ठाऊक नव्हत्या. त्याने चाक पुढे बसवले आणि मानाची जागा चाकामागे ठेवली.

साताऱ्यापासून कऱ्हाडापर्यंत मी जे जे विचारले, त्याचे उत्तर बापूरावांनी मागे वळून दिले. मला ते आवडत होते. मुलगी चांगल्या वळणाच्या घरात पडली, असे प्रत्येक वेळी वाटत होते.

इस्लामपूर मागे पडल्यावर मी विचारले, “पाव्हणं, आईंचा खोकला कसा हाय आता?”

बापूरावांनी कोपर सीटच्या पाठीवर टेकले आणि छातीपासून वळून ते माझ्याकडे बघत म्हणाले, “काय सांगू मामा, डाक्टर बदलला तवापास्नं जरा उतार हाय. पर रातीचं...”

त्यांच्या खांद्यावरून मला रस्ता दिसत होता. डावीकडच्या पाणंदीतून उसाने भरलेली बैलगाडी रस्त्यावर चढत होती. गाडीवान पुढे उभा राहून हात वर करत होता. मी म्हणालो, “पाव्हणं, म्होरं.”

एवढाच शब्द मी बोललो. ओरडलो नाही. आणि इथेच ते घडले, जे चार हकिकतींपैकी एकीतही नाही. मी बोलतो आहे म्हटल्यावर बापूरावांनी स्वतःचे वाक्य अर्धे सोडले आणि माझे ऐकण्यासाठी ते आणखी नीट माझ्याकडे बघू लागले. वडीलधारा बोलत असताना दुसरीकडे बघायचे नाही, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ‘पुढे बघा’ हे सांगणेही त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघूनच ऐकले. मग त्यांनी रस्त्याकडे बघितले. तेव्हा बैलांची शिंगे काचेत आली होती.

त्यांनी चाक फिरवले आणि बैल वाचवले. मोटार घसरत आडवी झाली आणि तिची डावी बाजू चिंचेच्या झाडावर गेली. डावे दार आत आले ते माझ्या पायावर.

चार हकिकती

पहिली माझ्या धाकट्या भावाची, आबाची. जावई प्यालेला होता, असे तो सांगतो. कऱ्हाडात आम्ही दोघांनी चहा घेतला. बापूराव त्याहून कडक काही घेत नाहीत. आबा स्वतः घेतो. म्हणून त्याला सगळ्या अपघातांत तेच दिसते.

दुसरी व्याह्यांच्या भावकीतली. म्हातारा फौजेतला, मागून सारखा हुकूम सोडत होता, लेफ्ट घे, राईट घे, त्याने पोरगा गोंधळला. मी पायदळात होतो आणि हुकूम कोणाला द्यायचा हे मला कळते. मी एका आजारी बाईची चौकशी केली. फौजेत ट्रकच्या ड्रायव्हरशी मी शेकडो वेळा बोललो. तो समोर बघतच उत्तर द्यायचा, कारण तो माझा जावई नव्हता.

तिसरी अशी की गाडीवान झोपला होता. तो जागा होता, उभा होता, हात वर करत होता. रस्त्याकडे न बघणारा आमच्या दोन वाहनांत एकच होता, आणि तो गाडीवान नव्हता. त्यानेच दार उचकटून मला बाहेर ओढले, पायाला दोन्ही बाजूंनी ऊस लावून स्वतःच्या पटक्याने बांधला आणि येणारा ट्रक थांबवला. त्याला झोपाळू ठरवणाऱ्यांनी निदान माझ्या समोर तसे म्हणू नये.

चौथी हकिकत म्हणजे त्या चिंचेखाली काहीतरी आहे. त्या चिंचेखाली माझ्या रक्ताखेरीज काही नव्हते.

बोटे हलवा

सांगलीच्या दवाखान्यात नडगीचे हाड बसवले. पण हाड कातडी फाडून बाहेर आले होते आणि जखमेत मोटारीचे वंगण, रस्त्याची माती, सगळे गेले होते. पहिले काही दिवस डॉक्टर रोज सकाळी येत आणि म्हणत, “सुभेदार, बोटं हलवा.” मी हलवायचो. ते मान डोलवायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. त्या डोलण्यावर माझा दिवस जायचा.

एका सकाळी मी बोटे हलवली आणि डॉक्टरांनी मान डोलवली नाही. मी पुन्हा हलवली. ते पायाकडेच बघत राहिले.

“हलली न्हवं?” मी विचारले.

मी कोपरावर उठून पाहिले. मी मनात हलवत होतो आणि बोटे जागची हलत नव्हती. करंगळीजवळ रंग बदललेला होता, कढईच्या बुडासारखा. शत्रूसमोर मी उभा राहिलो आहे. तिथेही इतका गार पडलो नव्हतो.

त्यानंतर वास सुरू झाला. मला तो नाकाआधी सौ.च्या पदरावरून कळला. ती पदर नाकाशी न्यायची आणि मी बघतो आहे असे दिसताच त्याच पदराने कपाळ पुसायची. ताप चढू लागला. पट्टी सोडायची वेळ झाली की घरचे बाहेर जात. आबा तर जिन्याखालीच जायचा. बापूराव तेवढे जात नसत. ते आत येत नसत आणि जातही नसत. वॉर्डाच्या दारात उभे राहून जखमेकडे बघत. माझ्या तोंडाकडे मात्र अपघातापासून त्यांनी एकदाही बघितले नव्हते.

गुडघा

डॉक्टर चांगला मनुष्य होता, कारण तो गोड बोलत नसे. त्याने स्टूल ओढले आणि सांगितले, “पाय वाचवायचा होता, नाही वाचला. विष वर चढतंय. आज कापला तर गुडघा राहील. गुडघा राहिला तर लाकडी पायावर तुम्ही शेत फिराल. उद्या गुडघ्याचं मी सांगू शकत नाही, आणि परवा तुमचं. दुपारी मला होय किंवा नाही पाहिजे.”

इथे वाचकाने एक लक्षात ठेवावे. अशा वेळी पाय की जीव असा प्रश्न मनात येतो आणि माणूस त्यातच बुडतो. खरा प्रश्न त्याहून लहान आणि निकडीचा असतो. माझ्यापुढे प्रश्न होता तो गुडघ्याचा, आणि तो दुपारपर्यंतच होता.

बाहेर व्हरांड्यात भांडण सुरू झाले. खिडकी उघडी होती.

“म्या जीप आणलीया,” आबा म्हणत होता. “कऱ्हाडाच्या पल्याड हाडं बसवणारा माणूस हाय. पाला बांधतो. लोकं चालत घरला जात्यात. ह्या डाक्टरास्नी कापायचंच शिकवलंय.”

“आवं काका, हाडाचं न्हाई आता, मास सडलंय,” सुमन म्हणाली.

“तू बोलू नगंस. तुला तुझ्या दाल्ल्याचं झाकायचं हाय.”

त्या पोरीची काय दशा झाली होती ते मला आत पडल्या पडल्या कळत होते. कापा म्हणाली तर नवऱ्याची बाजू घेतली असे होणार, नको म्हणाली तर बाप मरणार. तिने नंतर कोणाकडेही तक्रार केली नाही. करायला हवी होती.

मग सौ.चा आवाज आला. “भांडायचं तर खाली जाऊन भांडा. त्यास्नी समदं ऐकू जातंय.” ती आत आली, पांघरूण सारखे केले आणि म्हणाली, “झोपलायसा न्हवं?”

“झोपलोय,” मी म्हणालो.

शेजारच्या खाटेवर सांगलीच्या गूळपेठेतले मुल्लाभाई होते, मांडीचे हाड मोडून लटकवून ठेवलेले. ते छताकडे बघत म्हणाले, “सुभेदार, तुमच्या भावाला फौजेत न्यायला पाहिजे होतं. तोफेचा खर्च वाचला असता.”

मी हसलो आणि हसताना पायातून कळ वर आली, ती मांडीपर्यंत गेली. आधीच्या दिवशी ती तिथवर जात नव्हती. हे मी कोणाला बोललो नाही. मी सौ.ला सांगितले, “पाव्हण्यांना आत बोलव. आबालाही.”

बापूराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. आबा उशाशी.

“पाव्हणं, तुमचं काय म्हणणं हाय?” मी विचारले.

“म्या काय बोलू, मामा. म्या बोलायच्या लायकीचा न्हाई.” नजर फरशीवर.

“लायकी म्या ठरवीन. वर बघा. आता गाडी चालवत न्हाई तुमी.”

आबाने तोंड फिरवले. सौ.ने पदर तोंडात धरला. बापूरावांनी वर बघितले. त्यांचे डोळे इतके खोल गेले होते की मला क्षणभर दुसराच मनुष्य उभा आहे असे वाटले.

“मामा, कापा म्हंतो म्या,” ते म्हणाले. “रोज सोडत्यात तवा म्या बघतोय. परवा रंग घोट्याच्या खाली हुता. काल घोट्यावर आला. आज सकाळी चार बोटं वर गेलाय. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई, कारण कुणी बघितलंच न्हाई.”

“त्यानंच मोडला,” आबा म्हणाला, “आन् आता त्योच कापा म्हंतोय. दादा, चल. जीप खाली हुबी हाय. तुझा पाय तोडायला म्या देणार न्हाई.”

“आबा, तू जखम बघितलीस?”

“मला बघवत न्हाई, दादा.” त्याचा आवाज एकदम बारीक झाला. आबा मला प्रिय आहे. त्याच्या हकिकतीशी भांडतो म्हणून कोणी वेगळा अर्थ काढू नये.

“मग ज्यानं बघितलीया त्याचं ऐकायचं,” मी म्हणालो. “आन् पाय तुझा न्हाई, त्यांचाबी न्हाई. डाक्टरला सांगा, व्हय म्हणून. आत्ता सांगा.”

जावयाने सासऱ्याचा पाय दोनदा नेला, एकदा रस्त्यावर आणि एकदा दवाखान्यात, असे म्हणणारे लोक आहेत. पाय कापा असे डॉक्टरांना मी सांगितले आहे. त्याचे श्रेय मी कोणालाही देणार नाही.

राहिलेला पाय

गुडघा वाचला.

शुद्ध आल्यावर मी पहिल्यांदा तोच चाचपला. पट्टीतून तो गोल हाताला लागला आणि मी रडलो. मी रडलो नाही असे सौ. सगळ्यांना सांगते, तेही खरे नाही.

आता जो खाटेवर आहे त्याला काही गोष्टी सांगतो. गेलेल्या पायाची बोटे खाजतील. वेड लागले असे समजू नये, डॉक्टरला सांगावे. सगळ्यांचे असेच होते असे कळले की निम्मा त्रास जातो. जखमेकडे स्वतः बघावे, पहिल्याच दिवशी. मी चार दिवस टाळले आणि ते चार दिवस सर्वांत वाईट गेले. भेटायला येणाऱ्यांना रस्त्याची हकिकत विचारू देऊ नये; प्रत्येक जण दोष कोणाला द्यायचा हे ठरवून येतो आणि घरच्यांच्या देखत देऊन जातो. राहिलेला पाय धोतराखाली लपवू नये.

तिथे एक नर्सबाई होत्या. त्या हात लावण्याआधी आपण काय करणार ते सांगत. “आता पट्टी सोडते. आता गार लागेल. आता दुखेल.” त्या दुखेल म्हणत तेव्हा दुखे, आणि त्या नाही म्हणत तेव्हा दुखत नसे. त्या वॉर्डात मला एवढीच एक गोष्ट पक्की होती आणि तिच्या आधारावर मी रात्री झोपत असे.

कुबड्यांवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तोल जाऊन मुल्लाभाईंच्या खाटेवर आदळलो. त्यांच्या मोडलेल्या मांडीपासून वीतभर अंतरावर. ते डोळे घट्ट मिटून म्हणाले, “सुभेदार, एक पाय तुमचा गेला तेवढा पुरे हाय.”

परत

घरी जायचा दिवस आला. आबाने भाड्याची मोटार आणली. मी विचारले, “पाव्हण्यांची गाडी कुठं हाय?”

अँबॅसिडर दुरुस्त होऊन दवाखान्याच्या दाराशी उभी होती, पण बापूराव ती चालवत नव्हते. अपघातानंतर त्यांनी चाक धरलेच नव्हते. गॅरेजातून दुसऱ्याने आणून लावली होती. धंदा बंद होता. सुमनने ते माझ्यापासून लपवले होते.

“मामा, हाताला घाम येतोय,” ते म्हणाले. “आबाकाकांच्या गाडीतनं जावा.”

“म्या तुमच्याच गाडीतनं जाणार. मागंच बसणार, पाय आडवा ठेवाया लागतोय. फकस्त एक ठरवू. चाक फिरतंय तोवर म्या काय बी विचारणार न्हाई. आन् इसरून इचारलंच, तर तुमी बहिरं. उत्तर द्यायचं तर गाडी कडंला घ्यायची, थांबवायची, मग सासऱ्याचं तोंड बघायचं.”

“लोकं काय म्हंतील?”

“लोकं म्हंत्यातच.”

ते बसले. चाक धरण्याआधी त्यांनी तळहात दोनदा सदऱ्याला पुसले. मला मागून दिसत होते. धीर द्यावा असे मनात आले आणि मी ओठ दाबले, कारण माझा आवाज ऐकला की त्यांची मान फिरणार हे मला माहीत होते. आष्ट्याच्या पुढे उसाच्या गाड्यांची रांग लागली. एका गाडीमागून दुसरी बाहेर निघाली, समोरून ट्रक येत होता. माझ्या घशात शब्द आला. पाय गेला त्या दिवशीसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो, कारण त्या दिवशी मला पुढचे माहीत नव्हते. मी सीटची कड मुठीत धरली आणि बोललो नाही. बापूरावांच्या मानेवरून घाम ओघळून सदऱ्यात गेला. मान हलली नाही. त्यांनी वेग कमी केला, ट्रक जाऊ दिला, एकेक करून गाड्या मागे टाकल्या.

कऱ्हाडात मोटार बंद केली तेव्हा ते उतरले, मागचे दार उघडले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आम्ही बराच वेळ बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही, साधेच होते.

त्यानंतर या रस्त्याने आम्ही किती तरी वेळा गेलो आहोत. आमच्याबरोबर मोटारीतून आलेल्यांनी गावात जाऊन एक पाचवी हकिकत सुरू केली आहे. सासरा आणि जावई सातारा ते सांगली एक शब्द बोलत नाहीत, मागचा पुढच्याला विचारत नाही, पुढचा मागच्याकडे बघत नाही. पायापासून त्यांचे बोलणे तुटले आहे, असे ते सांगतात. बोलत नाही, एवढे खरे आहे. तुटल्याचे खोटे आहे. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने मोटार थांबल्यानंतर आमच्या अंगणात येऊन बसावे, आणि जेवायच्या वेळेपर्यंत तरी घरी जायची घाई करू नये.